घनमीटर मोजले, पुढे काय झाले?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

एप्रिल-मे आला की आपल्या जिल्हा पानांवर जलसंधारणाच्या बातम्या सुरू होतात. अमुक गावात तीन किलोमीटर नाल्याचे खोलीकरण झाले, दहा सिमेंट बंधारे पूर्ण झाले, ११ कोटी लिटर पाणीसाठा निर्माण झाला. सोबत पोकलेनपुढे नारळ फोडतानाचा फोटो. ही बातमी खोटी नसते, अर्धी असते. उरलेली अर्धी ऑक्टोबरात आणि पुढच्या मार्चमध्ये तयार होते. तेव्हा गावात ना पोकलेन असते, ना बातमीदार. ती उरलेली बातमी कशी मिळवायची, आणि काम सुरू होण्याआधीच तिची तयारी कशी करायची, एवढ्यासाठी हे पत्र.

कार्यक्रम आखण्याचे आणि तपासण्याचे एक साधे साधन आहे, ‘लॉजिक मॉडेल’. मराठीत तर्कसाखळी म्हणू. एका कागदावर डावीकडून उजवीकडे पाच चौकटी: काय घातले (पैसा, यंत्रे, माणसे), काय केले (खोदाई, बांधकाम), हातात काय आले (बंधारे, घनमीटर), त्यामुळे काय बदलले (विहिरीची पातळी, रब्बीचे क्षेत्र), आणि सरतेशेवटी काय साधले (टँकर बंद, स्थलांतर कमी). संस्थांच्या कचेऱ्यांत यातल्या तिसऱ्या चौकटीला आउटपुट आणि चौथीला आउटकम म्हणतात. याचेच तक्तारूप भावंड म्हणजे लॉगफ्रेम. तो १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी तयार झाला. प्रकल्प पूर्ण झाल्याचे सगळे सांगतात, पण तो यशस्वी झाला म्हणजे नेमके काय झाले हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही, ही तेव्हाची अडचण होती. ती आजही तशीच आहे.

चौकटी भरणे सोपे असते. खरे काम चौकटींमधल्या बाणांत आहे. प्रत्येक बाणावर उजवीकडे जाताना ‘मग काय होईल?’ असे विचारायचे आणि उलट फिरून ‘कशावरून?’ असे विचारायचे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाणाखाली लिहायचे. त्याला गृहीतक म्हणतात, आणि कार्यक्रम फसतो तो बहुधा तिथेच. बातमीतलेच गाव घेऊन हे करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण जिल्ह्यातल्या कोणत्याही हजार हेक्टरच्या शिवारात ते थोड्याफार फरकाने लागू पडतील.

तीन किलोमीटर नाला, सरासरी रुंदी १० मीटर, खोली २ मीटर. खोदाई झाली ६० हजार घनमीटर, म्हणजे ६० टीसीएम. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, दहा लाख लिटर. दहा बंधारे प्रत्येकी ५ टीसीएमचे, म्हणून आणखी ५०. बेरीज ११० टीसीएम, बातमीतले ११ कोटी लिटर. मोजमाप पुस्तिकेत हे सगळे बरोबर असते आणि बिलही त्यावरच निघते.

आता पहिला बाण: खोदलेला घनमीटर म्हणजे साठलेला घनमीटर. कशावरून? नाल्याला उतार असतो. दर २०० मीटरला १ मीटर उतार धरा. २ मीटर खोल खोदाई केली तर खालच्या टोकाला अडलेले पाणी मागे ४०० मीटरपर्यंतच तुंबते, आणि तेही पाचरीच्या आकारात. खालच्या टोकाला २ मीटर, वरच्या टोकाला शून्य. त्या पाचरीत पाणी किती? ४०० गुणिले १० गुणिले २, भागिले दोन, म्हणजे ४ हजार घनमीटर. नाला सलग तीन किलोमीटर खोदत नेला आणि मध्ये कुठेही न खोदलेली आडवी पट्टी सोडली नाही, तर साठ टीसीएमच्या जागी साठतात चार. दर ४०० मीटरला अशी पट्टी राखली तर साडेसात पाचरी होतात आणि साठा ३० टीसीएमवर जातो. ठेकेदाराला सलग खोदणे सोयीचे आणि बिलही घनमीटरवर. पट्टी राखायची अट अंदाजपत्रकात नसेल तर ती कोण राखेल? कागदावर बाण काढताना ‘कशावरून?’ विचारले असते तर ही अट निविदेतच आली असती.

पट्ट्या राखल्या असे धरू. साठा झाला बंधाऱ्यांचे ५० आणि नाल्याचे ३०, एकूण ८० टीसीएम. पावसाळ्यात हा साठा दोनदा भरला तर १६० टीसीएम. पण सगळे मुरत नाही. दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर शंभर दिवसांत अर्धा मीटर पाणी उडते, आणि दीड मीटर सरासरी खोलीच्या साठ्यात ते तिसरा हिस्सा होते. मुरायला उरतात साधारण १०५ टीसीएम. हिशेबाला १०० घेऊ.

दुसरा बाण: मुरलेले पाणी विहिरीत येते. राज्याच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागाखाली बेसॉल्ट आहे. झिजलेल्या, मुरमाड बेसॉल्टात पाणी धरायला जागा फार थोडी असते; भूजलाच्या हिशेबात ती साधारण २ टक्के धरतात. हजार हेक्टरखालची पातळी १ मीटरने वर यायला २०० टीसीएम लागतात. १०० टीसीएम सगळ्या शिवारात सारखे पसरले तर पातळी अर्धा मीटर वाढेल. पण ते सारखे पसरत नाही. नाल्याच्या दोन्ही अंगांच्या २०० हेक्टरांत राहिले तर तिथे वाढ अडीच मीटर, आणि माळावरच्या विहिरी जशाच्या तशा. ‘गावाची पातळी वाढली’ हे वाक्य म्हणूनच संशयाने वाचावे. कोणाच्या विहिरीची वाढली, हे त्यात येत नाही. नाल्याकाठी काळी जमीन असलेले आणि माळावर हलकी जमीन असलेले, हे बहुतेक गावांत वेगवेगळे लोक असतात.

इथे एक धोकाही लिहून ठेवावा लागतो. मुरमाचा थर फोडून खाली कातळापर्यंत गेले की नाला पाणी मुरवत नाही. उलट आजूबाजूच्या मुरमातले पाणी त्यात पाझरून उघड्यावर येते आणि उन्हात उडते. नाल्यात मार्चमध्ये पाणी दिसते, त्याचा फोटोही छान येतो, आणि ते असते शेजारच्या विहिरीचे.

तिसरा बाण सर्वांत कच्चा, आणि आराखड्यांत तो बहुधा असतच नाही: वाढलेले पाणी टंचाईच्या महिन्यांपर्यंत टिकते. १,५०० वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटरने वर्षभर प्यायला-वापरायला ३० टीसीएम लागते. म्हणजे आपले १०० टीसीएम गावाची तहान तीनदा भागवतील. तरीही पुढच्या मे महिन्यात टँकर येऊ शकतो. पाटाने मोकळे पाणी दिलेल्या उसाला पावसाचे वजा जाता विहिरीतून हेक्टरी १५ टीसीएम तरी उपसावे लागते. नवे साडेसोळा एकर ऊस लागला की शंभरच्या शंभर टीसीएम संपले. त्यातले थोडे परत मुरते, पण नुसती विहीर भरलेली पाहून ऊस साडेसोळा एकरांवर थांबत नाही. हेच पाणी हरभऱ्याला दिले तर हेक्टरी अडीच टीसीएम धरून ४० हेक्टर भिजते. हिवरे बाजारने पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवणे आणि सिंचनासाठी बोअर न घेणे हे नियम घातले, ते याच बाणासाठी. तिथले बंधारे पाहायला बसगाड्या भरून लोक जातात. नियम पाहता येत नाहीत, म्हणून ते परत येताना सोबत येत नाहीत.

तर्कसाखळी काढण्याची पद्धतही सांगतो, कारण ती बहुधा उलटी काढली जाते. अमुक लाख रुपये आलेत, यंत्र मिळतेय, मग काय काय खोदता येईल, अशी सुरुवात डावीकडून होते. काढायची उजवीकडून. शिवारफेरी झाल्यावर पारावर किंवा शाळेच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, तिथेच पहिले वाक्य ठरवावे. ते मोजता येईल असे हवे. ‘गाव पाणीदार व्हावे’ हे मोजता येत नाही. ‘सरासरीच्या ८० टक्के पाऊस झाला तरी पिण्याच्या विहिरीला ३१ मेपर्यंत रोज दोन तास उपसा मिळावा’ हे मोजता येते. तिथून मागे यायचे: त्यासाठी मार्चअखेर पातळी किती हवी, त्यासाठी ऑक्टोबरात किती, त्यासाठी मुरायला किती हवे, त्यासाठी साठा किती, आणि रब्बीत उपसा किती रोखायला हवा. पुष्कळदा या टप्प्यावर कळते की बंधारे तीनच पुरेत, मात्र बोअर न घेण्याचा ठराव नसेल तर दहाही कमी पडतील. एका कागदावर, एका बैठकीत हे होते. जो आराखडा एका कागदात मावत नाही तो करणाऱ्यालाही नीट समजलेला नसतो, असे आमचे मत आहे.

‘काय घातले’ या पहिल्या चौकटीत देखभाल हमखास विसरली जाते. पहिल्याच पावसाळ्यात बंधाऱ्याच्या तळाशी बारीक चिकणमातीचा थर बसतो. बोटभर थरही पाझर निम्म्यावर आणायला पुरतो. तो दर उन्हाळ्यात काढायचा तर दरवर्षी किती तास यंत्र, कोणाच्या पैशातून, हे पहिल्या दिवशी लिहायला हवे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची गोष्ट आणखी बोलकी. बंधारा उभा, रंगरंगोटी झालेली, आउटपुटच्या चौकटीत बरोबरची खूण. पण पाणी अडते ते बर्ग्यांनी, म्हणजे बंधाऱ्याच्या खाचांत बसवायच्या फळ्यांनी. पावसाचा जोर ओसरल्यावर, वाहते पाणी आटण्याआधी ते बसवावे लागतात. आठ-पंधरा दिवस उशीर झाला की अडवायला पाणीच उरत नाही. बर्गे कुठे ठेवले, किती चोरीला गेले, रबरी सील शाबूत आहे का, बसवायची मजुरी कोण देणार, या चार प्रश्नांवर लाखोंचे बांधकाम अवलंबून असते. ‘बर्गे वेळेत बसले’ ही चौकट आराखड्यात स्वतंत्र काढावी, नावानिशी.

आता मोजमापाकडे. विहिरीची पातळी मोजणे सोपे वाटते आणि तिथेच सर्वाधिक घोळ होतो. काठावर एकाच जागी ऑइलपेंटची खूण करावी आणि दर वेळी तिथूनच टेप सोडावा. मोटार किमान बारा तास बंद हवी, म्हणून पहाटे मोजावे. आपली बंद पण शेजारची चालू असेल तर नोंदीत तसे लिहावे. मधल्या काळात विहीर खोल केली, आत आडवे बोअर मारले, तर ती विहीर तुलनेतून काढावी. दहा-बारा विहिरी निवडाव्यात: निम्म्या नाल्याकाठच्या, निम्म्या माळावरच्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते. गावानेही तेच महिने धरले की आकडे शेजारी ठेवता येतात. पावसाचा आकडा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून घेऊ नये. दहा किलोमीटरवर पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलेला असेलच असे नाही. शाळेच्या अंगणात साधा पर्जन्यमापक बसवून सकाळी साडेआठला नोंद घेणे हा सारा खर्च काही हजारांचा आहे. हे सगळे काम सुरू होण्यापूर्वी निदान एक वर्ष आधीपासून हवे. कामाआधीच्या या नोंदीला बेसलाइन म्हणतात; यंत्र आल्यावर केलेली बेसलाइन ही बेसलाइन नव्हे.

पावसाचा फसवा हात सर्वांत मोठा असतो. राज्यात २०१५ दुष्काळी होते, २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि २०१९ ला अनेक ठिकाणी धो धो पाऊस झाला. २०१९ च्या मेमधली पातळी ‘आधी’ आणि २०२० च्या मेमधली ‘नंतर’ म्हणून दाखवली तर कोणतेही काम यशस्वी ठरेल, अगदी न केलेलेसुद्धा. उलट चांगल्या पावसानंतर दुष्काळ आला तर उत्तम काम अपयशी दिसेल. यावर उपाय एकच: तसाच खडक, तसाच पाऊस, पण काम न झालेले जवळचे गाव सोबत मोजायचे. समजा, काम झालेल्या गावात मार्चमधली पातळी जमिनीखाली ९ मीटरवरून ७ वर आली, म्हणजे २ मीटर वाढ. शेजारच्या गावात ती ९.५ वरून ८ वर आली, म्हणजे दीड मीटर पावसानेच वाढवली. कामाचे श्रेय उरले अर्धा मीटर. वर कागदावर काढलेली सरासरी वाढही अर्धा मीटरच होती, तेव्हा साखळी त्या टप्प्यापर्यंत खरी ठरली. श्रेय ०.१ मीटर आले असते तर कोणता बाण तुटला ते शोधता आले असते: साठाच झाला नाही, की झाला पण मुरला नाही, की मुरला आणि उपसला गेला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. नुसते ‘योजना फसली’ म्हणून ते सापडत नाहीत.

जलयुक्त शिवारबाबत नेमके हेच झाले. डिसेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने ती आली, वर्षाला ५,००० गावे आणि ‘टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ हे लक्ष्य. २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या अहवालाने, सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यावर फारसा परिणाम झाला नसल्याचा ठपका ठेवला. पुढे सगळी चर्चा चौकशी आणि आरोपांवर गेली. कोणत्या प्रकारच्या खडकात, कोणत्या कामाने, कोणत्या टप्प्यापर्यंत फायदा झाला, हा प्रश्न मागे पडला. काही गावांना फायदा निश्चित झाला असणार. पण बाणांवर नोंदी नसल्या की बाजू घेणाऱ्यालाही पुरावा मिळत नाही आणि टीका करणाऱ्यालाही. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे, म्हणून हे जुने उकरणे आवश्यक वाटले.

सरकारी यंत्रणेला ही भाषा परकी नाही. केंद्राचा पहिला परिणामदर्शी अर्थसंकल्प २००५-०६ चा. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत तर जागतिक बँकेचा पैसाच ठरावीक निष्पत्तींना बांधलेला, आणि त्यांत भूजलाची घसरण मंदावणे हीसुद्धा एक. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीतूनही गाळ काढण्याची आणि बंधाऱ्यांची पुष्कळ कामे होतात. ज्यांची सीएसआरची सरासरी जबाबदारी १० कोटी किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना १ कोटी किंवा अधिक खर्चाच्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन २०२१ पासून सक्तीचे आहे, आणि तेही काम पूर्ण होऊन निदान वर्ष लोटल्यावर. सक्तीमुळे अहवाल वाढले. मात्र प्रस्तावाला जोडलेली तर्कसाखळी पाहिली तर ती गेल्या वर्षीच्या प्रस्तावातून उचललेली असते; कधी कधी जुन्या गावाचे नावही तसेच राहून जाते. चौकटी सुबक, बाण सरळ, गृहीतकांच्या रकान्यात ‘पुरेसा पाऊस व लोकसहभाग’. या चार शब्दांत कार्यक्रमातले सगळे धोके गुंडाळून ठेवलेले असतात. लोकसहभाग म्हणजे नेमके कोणी, कधी, काय करायचे? नाल्याकाठच्या बागायतदाराने बोअर न घेणे हा सहभाग आहे का? असेल तर तसे लिहा.

या साधनाच्या मर्यादाही आहेत. पाचव्या चौकटीतले उत्पन्न, स्थलांतर, मुलांचे शिक्षण यांवर बाजारभाव, साखर कारखाना, कर्जमाफी अशा शंभर गोष्टींचा हात असतो. दहा बंधाऱ्यांच्या कार्यक्रमाने तिथपर्यंतचे श्रेय मागू नये आणि निधी देणाऱ्यानेही ते मागू नये. मार्चमधली पातळी आणि टँकर सुरू झाल्याची तारीख, इथपर्यंत हिशेब दिला तरी पुष्कळ. शिवाय एकदा काढलेला कागद दरवर्षी ऑक्टोबरात ग्रामसभेपुढे काढून खोडावा, दुरुस्त करावा. भिंतीवर लॅमिनेट करून लावलेली तर्कसाखळी कोणी खोडत नाही.

आपल्या बातमीदारांना एक विनंती. मेमधल्या बातमीत साठ्याच्या आकड्यासोबत तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या विहिरी मोजल्या आणि आजची पातळी किती, तुलनेला कोणते गाव घेतले आहे, आणि उपशाबद्दल ग्रामसभेचा ठराव झाला आहे का. मग त्याच गावांतून ऑक्टोबरचा आणि मार्चचा आकडा छापावा, चार ओळींत सुद्धा चालेल. जलसंधारण विभागानेही एक करावे. कामाच्या जागी पाटी असतेच. योजनेचे नाव, अंदाजित रक्कम, ठेकेदार, कामाचा कालावधी. तिच्यावर खाली तीन ओळी वाढवाव्यात: जवळच्या दोन निरीक्षण विहिरींचे गट क्रमांक, कामापूर्वीच्या मार्चची पातळी, कामानंतरच्या मार्चची पातळी. तिसरी ओळ वर्षभर कोरी राहील. ती कधी भरली गेली, हे येणारा-जाणारा पाहीलच.

कळावे,

आपले,
पाणलोट कार्यक्रमांच्या आखणी व मूल्यमापनाचे काम करणारे काही वाचक